कडी कुणाच्या हातात?

प्रश्न अगदी साधा आहे. कॉम्प्युटरवर फेसबुक, व्हॉट्सॲप, टेलिग्राम वापरायचं तर त्यांचं ॲप उतरवून घ्यायचं, की ब्राउझर उघडून त्यातच काम भागवायचं? आपल्यातले चार बुकं जास्त शिकलेले याला प्रश्न मानायलाच तयार नाहीत. म्हणतात, ज्याला जे सोयीचं ते त्यानं वापरावं, यात चळवळीचा काय संबंध?

संबंध आहे. सोय हा शब्द कानावर पडला की गरिबानं आधी आपला खिसा चाचपावा. मुकादम चहा पाजतो तोही सोय म्हणूनच पाजतो.

हा वाद आमच्या पाथरीत निघाला. परभणी जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. वस्तीतल्या पोरापोरींनी वर्गणी काढली आणि वाचनालयासाठी एक जुना कॉम्प्युटर घेतला. चार जीबी मेमरी, पंख्याचा घरघराट, पण चालतो. आता त्यावर काय टाकायचं? पोरं त्यावर स्कॉलरशिपचे फॉर्म भरणार, मंडळाचं पान चालवणार, पुण्यामुंबईला कामाला गेलेल्या भावाबहिणीशी बोलणार. घरात फोन एकच, तोही दिवसभर बापाच्या खिशात, मोंढ्यात नाहीतर उसाच्या फडात. म्हणजे पंधरावीस जणांना मिळून ही एकच खिडकी. काहीजण म्हणाले ॲप टाका, काहीजण म्हणाले ब्राउझर बरा. मी ब्राउझरच्या बाजूचा. का ते सांगतो, आणि ब्राउझर कुठं कामाचा नाही तेही सांगतो. एकाच बाजूचं बोलणारा माणूस दलाल असतो.

मी गोदीत काम करतो. जुने कामगार सांगतात, पूर्वी बोटीतून माल सुटा यायचा. गोणी, पेटी, गाठ. पाठीवर साखर आहे का गंधक, हे टोळीतल्या प्रत्येकाला कळायचं. मग कंटेनर आले. १९८९ ला न्हावाशेवा बंदर सुरू झालं. माल सीलबंद झाला आणि माणसं कमी झाली. आता क्रेन उचलते, आपण कागद बघायचा. आत काय आहे ते सील ठोकणाऱ्याला ठाऊक.

ॲप हा असा सील ठोकलेला कंटेनर आहे. कंपनीनं भरला, कंपनीनं बंद केला, आणि तुमच्या अंगणात आणून ठेवला. ब्राउझरमधलं पान म्हणजे अगदीच सुटा माल नव्हे, त्यातही पुष्कळ झाकलेलं असतं. पण झाकण उचलून बघता येतं. नको ते तुकडे अडवता येतात. फायरफॉक्समध्ये यूब्लॉक ओरिजिन नावाचा फुकट जोड लावा, मग पानाबरोबर येणाऱ्या जाहिराती आणि तुमच्या मागावर सोडलेले हेर बरेचसे दारातच अडतात. कंपनीच्या ॲपमध्ये असला चौकीदार बसवायची मुभा तुम्हाला नाही. चौकीदारही त्यांचा, चोरही त्यांचा.

ब्राउझरलाही मालक असतो, हे विसरू नका. क्रोम गूगलचा आहे, आणि गूगल जाहिरातीवर जगतो. त्यानं आपल्या ब्राउझरचे जोडांविषयीचे नियम बदलले आणि २०२४-२५ मध्ये हाच यूब्लॉक ओरिजिन क्रोममधून बाद होत गेला. फायरफॉक्स मोझिला नावाच्या ना-नफा संस्थेच्या कंपनीचा आहे, तिथं तो चालतो. म्हणून नुसतं ब्राउझर म्हणून भागत नाही, कोणता ते बोलावं लागतं.

आता दुसरी गोष्ट. विंडोजवर उतरवलेलं साधं ॲप तुमच्या खात्याला जे दिसतं त्यातलं बहुतेक सगळं बघू शकतं. ब्राउझरमधलं पान मात्र कोंडलेलं असतं. त्याला कॅमेरा पाहिजे तर विचारावं लागतं, माइक पाहिजे तर विचारावं लागतं, फाइल पाहिजे तर तुम्ही स्वतः उचलून द्यावी लागते. पान बंद केलं की धंदा बहुतेक बंद. ॲप कॉम्प्युटर चालू होताच तुमच्या आधी जागं होतं आणि टुणटुण करत बसतं. पोरगं पुस्तक उघडून बसलंय, कोपऱ्यात आकडा चढतोय: ७, ९, १४. अशानं अभ्यास होतो का? आपण दुकानात जाऊन परत येणं वेगळं आणि दुकानदार आपल्या घरात बिछाना टाकून राहणं वेगळं.

घरात राहायला आलेला दुकानदार काय करतो याचा दाखला फोनवरचा आहे, पण कामाचा आहे. जून २०२५ मध्ये युरोपातल्या संशोधकांनी उघड केलं की अँड्रॉइड फोनवर फेसबुक आणि इन्स्टाग्रामची ॲपं मागं गुपचूप कान लावून बसत होती. त्याच फोनच्या ब्राउझरमध्ये तुम्ही कुठल्या साइटवर गेलात, ते त्या साइटवरच्या मेटाच्या तुकड्याकडून गोळा करून तुमच्या खात्याशी जोडत होती. बोभाटा झाला तेव्हा मेटानं ते थांबवलं. म्हणजे ब्राउझर तुम्ही वापरत होता आणि चोरी ॲप करत होतं. एकाच खोलीत दोघं ठेवले तर असंच होणार.

कुणी म्हणेल, ॲप जलद चालतं. कधी कधी चालतं, मान्य. पण पुष्कळ डेस्कटॉप ॲपं मुळात ब्राउझरच असतात, वरून नाव आणि रंग बदललेला. इलेक्ट्रॉन नावाचा सांगाडा आहे, त्यात प्रत्येक ॲपबरोबर क्रोमसारखा अख्खा ब्राउझर भरून येतो. व्हॉट्सॲपचंच बघा. विंडोजसाठी त्यांनी आधी असलंच इलेक्ट्रॉनचं ॲप दिलं. २०२२ मध्ये विंडोजसाठी खास बांधलेलं दिलं, ते हलकं होतं. आणि २०२५ च्या शेवटी ते काढून परत वेबचंच पान ॲपच्या पोत्यात घालून दिलं. मेमरी जास्त खातं म्हणून लोकांनी बोंब मारली. चार जीबीच्या मशीनवर असली दोनतीन ॲपं उघडली की पंखा रडायला लागतो. ब्राउझर एकच उघडायचा, त्यात पाहिजे ते पान उघडायचं, झालं की बंद करायचं.

आणि जुनी मशीन म्हटली की आणखी एक गोष्ट आली. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा फुकट आधार संपवला. विंडोज ११ जुन्या मशीनवर बसत नाही. त्यांच्या मते ही मशीन भंगार. आपल्या मते त्यावर लिनक्स टाकलं की ती अजून काही वर्षं चालते. पण लिनक्ससाठी व्हॉट्सॲपनं आपलं ॲप काढलेलं नाही, फेसबुक-इन्स्टाग्रामनंही नाही. ब्राउझरमध्ये मात्र तिन्ही चालतात. टेलिग्राम आणि सिग्नलनं लिनक्ससाठी ॲप दिलंय, त्यांचं त्यांना श्रेय द्या. पण सरळ हिशोब असा की ॲप नव्या मशीनवाल्याचं असतं आणि ब्राउझर जुन्या मशीनवाल्याचाही असतो. आपण कुठल्या रांगेत उभे आहोत?

आता मालकाच्या लहरीकडं या. फेसबुकनं एप्रिल २०२० मध्ये, लॉकडाऊनमध्ये, मेसेंजरचं डेस्कटॉप ॲप वाजतगाजत आणलं. १५ डिसेंबर २०२५ ला बंद केलं आणि लोकांना सांगितलं, जा ब्राउझरमध्ये. ट्विटरवाल्यांचं टवीटडेक ऐका. एकट्या माणसानं २००८ मध्ये बनवलेलं सुंदर ॲप. २०११ मध्ये ट्विटरनं विकत घेतलं. २०१३ मध्ये त्याचं मूळ डेस्कटॉप ॲप मोडीत काढलं, २०२२ मध्ये मॅकवरचंही बंद केलं. मग जानेवारी २०२३ मध्ये, मालक बदलल्यावर, बाहेरच्या लोकांनी बनवलेली ट्विटरची सगळी ॲपं एका फटक्यात तोडली. आणि ब्राउझरमधलं उरलेलं टवीटडेक ऑगस्ट २०२३ पासून पैसेवाल्यांपुरतं ठेवलं. म्हणजे शेवटी ब्राउझरवाल्यालाही दार लागलंच. हे मी लपवत नाही. ॲप आणि ब्राउझर ही एकाच वाड्याची दोन दारं आहेत, वाडा आपला नाही. फरक इतकाच की एका दाराची कडी आतून मालकाच्या हातात आहे, दुसऱ्याची थोडीफार आपल्या हातात.

हा थोडाफार फरक म्हणजे काय, ते नीट बघा. ब्राउझरच्या डोक्यावर एक पांढरी पट्टी असते. तिथं पत्ता लिहायचा. फेसबुकचा लिहा, सरकारी निर्णयाचा लिहा, महाडीबीटीच्या पोर्टलचा लिहा, कोर्टाच्या निकालाचा लिहा. एकाच खिडकीतून सगळीकडं जाता येतं, कुणाची परवानगी लागत नाही. ॲपमध्ये ही पट्टीच नसते. तिथं मालक वाढेल ते खायचं, तेवढंच जग.

ही पट्टी आपल्याकडून काढून घ्यायचा डाव एकदा झालाय. फेब्रुवारी २०१५ मध्ये फेसबुकनं रिलायन्स कम्युनिकेशन्सबरोबर सहा राज्यांत इंटरनेट डॉट ऑर्ग आणलं, त्यात महाराष्ट्र होता. पुढं त्याचं नाव फ्री बेसिक्स केलं. फुकट इंटरनेट म्हणे! फुकट काय, तर कंपनीनं ठरवलेल्या थोड्याशा साइटी. डिसेंबर २०१५ मध्ये खुद्द झुकरबर्गनं इंग्रजी पेपरात लेख लिहिला आणि दाखला दिला कुणाचा, तर महाराष्ट्रातल्या एका शेतकऱ्याचा. गरिबाचं नाव, श्रीमंताचं काम. ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायनं साइट बघून वेगवेगळे दर लावायला बंदी घातली आणि तो डाव मोडला. पण कायद्यानं जे मोडलं ते आपण सवयीनं परत उभं करतोय. आज कित्येक पोरांना विचारा, इंटरनेट वापरतोस का? म्हणतं, नाही, मी फक्त व्हॉट्सॲप आणि इन्स्टा वापरतो. दहा वर्षांपूर्वी झुकरबर्गला पाहिजे होतं ते हेच.

पत्त्याच्या पट्टीचा दुसरा उपयोग पुराव्याचा. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, बंद झाला, वस्त्यांमध्ये पोलिसांनी मारझोड केल्याचे आरोप झाले आणि १५ डिसेंबरला सोमनाथ सूर्यवंशी न्यायालयीन कोठडीत असताना गेला. त्या दिवसांत जिल्ह्यातल्या फोनाफोनावर व्हिडिओ फिरत होते. हातोहात फिरून आलेल्या व्हिडिओला पत्ता नसतो. कुणी काढला, कुठं, किती वाजता? फॉरवर्ड करताना तो दाबला जातो, त्याची मूळ माहिती झडते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम ६३ बघा. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र जोडावं लागतं. कोर्ट फॉरवर्डवर विश्वास ठेवत नाही आणि ठेवूही नये. म्हणून मूळ फाइल मूळ फोनवर जपा, पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि कुणी जाहीर पानावर आपल्याविरुद्ध गरळ ओकलेली दिसली तर ती ब्राउझरमध्ये उघडा, पत्ता उतरवा, तारीख-वेळ लिहा, पान जतन करा. ॲपमधल्या नुसत्या स्क्रीनशॉटला उद्या कुणीही म्हणेल, हा बनावट आहे.

एवढं ऐकून कुणी ॲप म्हणजे पाप असं समजेल, तर तेही चूक. जिथं गुपित आहे तिथं मी ॲपच्या बाजूचा. सिग्नलला ब्राउझरची आवृत्तीच नाही, आणि ती नसण्याला कारण आहे. ब्राउझरमध्ये पान प्रत्येक वेळी सर्व्हरकडून ताजं येतं. काल आलेला कोड आणि आज आलेला कोड एकच आहे का, हे तुम्हाला कळत नाही. सर्व्हरवाल्यानं किंवा त्याच्यावर दाब आणणाऱ्यानं ठरवलं, तर फक्त तुमच्यापुरतं वेगळं पान पाठवता येतं. सही-शिक्क्याचं ॲप एकदा उतरवलं की सगळ्यांना तेच. त्यात असा खेळ करणं जड जातं. व्हॉट्सॲपलाही ही भोक माहीत होती, म्हणून तर मार्च २०२२ मध्ये त्यांनी ब्राउझरमधला कोड तपासणारा वेगळा जोड काढला. तेव्हा साक्षीदारांची नावं, आजारी कार्यकर्त्याचा पत्ता, उद्याच्या बैठकीची जागा, हे असलं काही बोलायचं तर सिग्नलचं ॲप, तेही स्वतःच्या मशीनवर. सामायिक कॉम्प्युटरवर नाही. टेलिग्रामच्या साध्या गप्पा टोकापासून टोकापर्यंत कुलूपबंद नसतात, हेही ध्यानात ठेवा. नाव मोठं म्हणून कुलूप मोठं असं नसतं.

इथं सरकारचा पाय मध्ये येतो. २८ नोव्हेंबर २०२५ ला दूरसंचार खात्यानं व्हॉट्सॲप, टेलिग्राम, सिग्नल वगैरेंना हुकूम काढला: ९० दिवसांत ॲप सिमकार्डाशी बांधून टाका, आणि वेबवरचं खातं जास्तीत जास्त सहा तासांनी बाहेर काढा. परत आत यायचं तर फोन हातात घेऊन क्यूआर कोड दाखवा. कारण दिलं सायबर फसवणुकीचं. फसवणूक खोटी नाही, डिजिटल अरेस्टच्या नावानं म्हाताऱ्याकोताऱ्यांची आयुष्यभराची कमाई गेलीय. पण हुकूम लिहिणाऱ्याच्या घरात माणशी एक फोन आहे. ज्या घरात फोन एक आणि माणसं सहा, तिथं बाप सकाळी फोन घेऊन गेला की पोरीची खिडकी दुपारी बंद. २०२१ पासून फोन जवळ नसतानाही जोडलेला कॉम्प्युटर चालतो. मूळ फोन १४ दिवस वापरला नाही तरच तो सुटतो. गरिबाला ही खरी सोय होती. चोर पकडायला पाणवठ्यालाच कुलूप घालायचं, ही या देशाची जुनी खोड आहे.

शेवटी सगळ्यात मोठी गोष्ट. ऑर्कुट आठवतं का कुणाला? ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. टिकटॉक २९ जून २०२० ला सरकारनं आणखी ५८ ॲपांबरोबर बंद केलं. वस्त्यावस्त्यांतली पोरंपोरी त्यावर नाचली, गायली, नकला केल्या, आणि एका रात्रीत सगळं गेलं. तिथं ब्राउझर असता तरी वाचलं नसतं. ज्याच्याकडं आपली प्रत होती त्याचंच वाचलं. बाबासाहेबांनी १९२० मध्ये मूकनायक काढलं तेव्हा केसरीनं पैसे देऊनही त्याची जाहिरात छापली नव्हती. पुढं बाबासाहेबांनी स्वतःचा छापखानाच उभा केला. दुसऱ्याच्या यंत्रावर आपला शब्द किती दिवस टिकतो, हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखलं होतं. आपण मात्र कविता थेट फेसबुकच्या चौकोनात लिहितो, वही कुठं आहे विचारलं तर डोकं खाजवतो.

म्हणून पाथरीच्या पोरापोरींना, आणि मुंबईपुण्यात असलीच मशीन चालवणाऱ्यांना, माझं म्हणणं असं:

एक. सामायिक कॉम्प्युटरवर कुठलंही सोशल ॲप टाकू नका. लिनक्स, फायरफॉक्स, बस्स. मशीनवरच प्रत्येकाचं खातं वेगळं, पासवर्ड वेगळा.

दोन. काम झालं की लॉगआउट. आणि रात्री फोन घरी आला की व्हॉट्सॲपमधली जोडलेल्या मशीनची यादी बघायची. अनोळखी नाव दिसलं की काढून टाकायचं. गावातल्या ऑनलाइन सेंटरवर कधी व्हॉट्सॲप उघडलं असेल तर हे आजच करा.

तीन. गुपित असेल तर सिग्नल, आपल्या स्वतःच्या मशीनवर. त्याहून मोठं गुपित असेल तर समोरासमोर.

चार. जे लिहाल ते आधी आपल्या फाइलीत, मग त्यांच्या पानावर. फोटो-व्हिडिओची मूळ प्रत पेनड्राइव्हवर, आणि पेनड्राइव्ह दोन घरांत.

पाच. छापील अंक बंद करायचा नाही. ऑक्टोबर २०२३ च्या शेवटी शेजारच्या बीड जिल्ह्यात जाळपोळ झाली आणि सरकारनं नेट बंद केलं. त्या दिवशी ॲपवाला आणि ब्राउझरवाला दोघं सारखेच मुके झाले. कागदाला टॉवर लागत नाही.

ज्याला हे पटत नाही त्यानं जरूर भांडावं. पण व्हॉट्सॲपवर अंगठा दाखवून नाही. कागद घ्या, लिहा, पाठवा.